दरकदार आणि 'अंतस्थ'

हिशेब ठेवणे आणि हिशेब देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पेशवाईतील मुलकी व्यवस्था पाहिली म्हणजे हा भेद मराठी कारभाऱ्यांना चांगला उमगला होता, असे दिसते. मोठ्या मामलतीचा कारभार मामलतदाराकडे असे. परंतु त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस आदी दरकदार बसत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नसे. हिशेबावर मुजुमदाराची मान्यता लागे. वसूल करणारा एक आणि त्याची वही तपासणारा दुसरा, असा हा बंदोबस्त होता.

पुढे हे हिशेब पुण्यास हुजूर दप्तरात जात. तेथील एकबेरीज खात्यात त्यांची छाननी होऊन जमा, खर्च आणि बाकी यांचे गोषवारे तयार होत. नाना फडणिसांच्या अमदानीत या दप्तरात दोनशेंहून अधिक कारकून राबत होते. लेखणीचा हा दरारा तलवारीहून फारसा कमी नव्हता.

मग घात कोठे झाला? एल्फिन्स्टनने 1819 सालच्या आपल्या अहवालात 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ' या बाबीची हकीकत दिली आहे. मंत्री व हिशेबतपासनीस यांना द्यावयाची ही चोरटी रक्कम रयतेकडून जादा पट्टी घेऊन उभी केली जाई. कालांतराने ती रूढ होऊन रीतसर वहीत चढली आणि इतर खर्चाप्रमाणे तपासलीही जाऊ लागली. परंतु लाच देण्याची गरज सरली नव्हती. म्हणून तिच्यासाठी रयतेवर आणखी वाढ बसली. या नाजूक बाबीत तपासनीस फार खोल शिरत नसत, त्यामुळे मामलतदारही त्या आडोशाने स्वतःपुरते भरपूर काढून घेई.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलतींचा लिलावच होऊ लागला आणि हुजूर दप्तराची आबाळ झाली. दरक राहिले; वचक मात्र गेला.

आपल्या संविधानाच्या 148 व्या कलमाने महालेखापरीक्षकास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखे पदाचे संरक्षण दिले आहे. तपासणाराचे आसन तपासल्या जाणाराच्या हाती असू नये, हे दरकदारीमागचेच तत्त्व होय. पण आसनाला संरक्षण देता येते, त्यावर बसणाराच्या मनाला नाही. पेशवाईतील वह्यांची बेरीज चुकली नव्हती. चुकीची रक्कम बिनचूक मांडण्याची सवय मात्र लागली होती.