चेनवरची छपाई : रंगारी शिंप्याच्या मागे गेला तेव्हा



विषय वाचून काहींनी मला दारातच विचारलं, "हुडीच्या चेनवरची छपाई? यात इतिहास कुठला आला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी सोबत एक हुडी आणली आहे. ही बघा. समोर चेन, छातीवर मोठ्या अक्षरांत 'वर्धा'. 'व' एका पल्ल्यावर, 'र्धा' दुसऱ्या पल्ल्यावर. आता चेन लावतो. दिसतंय का मागच्यांना? 'व'ची शिरोरेघ जिथं संपते, तिथून 'र्धा'ची रेघ थोडी खाली सुरू होते. मध्ये चेनच्या दोन्ही बाजूंना बिनरंगाची पट्टी, आणि एका ठिकाणी रंगाचा गोळा. ही हुडी मला फुकट मिळाली, कारण ती बाद झालेली आहे. ती बाद का झाली, एवढंच आज सांगायचं आहे. पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

आपल्याकडे कापडाच्या कामाचा एक क्रम होता. कोष्टी विणायचा, रंगारी रंगवायचा आणि छापायचा, आणि शिवायचं असेलच तर सगळ्यात शेवटी शिंपी. कधी सूतच आधी रंगवून मग विणत, ते वेगळं. पण छपाई म्हणाल तर ती कायम सपाट, अखंड कापडावर व्हायची. लाकडी ठसा रंगात बुडवला, कापडावर ठेवला, वरून मूठ मारली. खाली कापड ताणलेलं, मध्ये ना शिवण, ना खिसा, ना गुंडी. शिवाय आपले निम्मे कपडे शिवलेले नव्हतेच. लुगडं, धोतर, उपरणं यांना उघडझाप कसली? आणि शिवलेली बाराबंदी घेतली, तर तिचा एक पल्ला दुसऱ्यावर चढतो आणि बंदांनी बांधला जातो. दोन पल्ल्यांवर मिळून एकच चित्र पुरं करायचं, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. पुढे शर्ट आले, तेव्हा चांगला शिंपी समोरच्या पट्टीवर चौकडी जुळवून द्यायचा. जुन्या लोकांना आठवत असेल, त्यावरून शिंप्याची पारख व्हायची. पण लक्षात घ्या, जुळवणारा शिंपी होता. तो छापणाऱ्याच्या नंतर यायचा, म्हणून त्याला कापड सरकवून जुळवता यायचं.

आता या हुडीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि तिघींचे जन्म वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत.

पहिली, जाळीची छपाई, म्हणजे आपण ज्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो. कल्पना तुमच्या घरात आहे. दिवाळीला बाजारात भोकं पाडलेला रांगोळीचा छाप मिळतो ना? वरून रांगोळी टाकली की खाली फूल उमटतं. जपानी कारागीर कागदाचे असे छाप कापत, आणि नाजूक भाग सुटू नयेत म्हणून त्यांना रेशमाच्या धाग्यांचा आधार देत. इंग्लंडात मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये ताणलेल्या रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं. नको तिथली भोकं बुजवायची, हवी तिथली उघडी ठेवायची आणि रबरी पट्टीनं, म्हणजे स्क्वीजीनं, रंग ओढायचा. सगळं तंत्र एवढंच. अट मात्र एक : जाळीखालचा पृष्ठभाग सपाट हवा.

दुसरी, चेन. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात व्हिटकॉम्ब जडसन यांनी बुटांसाठी केलेली एक सरकती कडी लोकांसमोर आली. ती वारंवार निसटायची. स्वीडनमध्ये जन्मलेले इंजिनिअर गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ मध्ये दातांत दात अडकणारी रचना केली आणि १९१७ मध्ये तिला पेटंट मिळालं. 'झिपर' हे नाव बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीनं १९२३ मध्ये आपल्या पावसाळी बुटांच्या निमित्तानं रुळवलं. आपण मात्र तिला चेनच म्हणतो, आणि माझ्या मते आपला शब्द जास्त बरोबर आहे.

तिसरी, टोपीवाला स्वेटशर्ट. अमेरिकेतली चॅम्पियन कंपनी त्याचं श्रेय स्वतःकडे घेते. १९३० च्या दशकात थंडीत काम करणाऱ्या मजुरांसाठी आणि खेळाडूंसाठी तो निघाला. म्हणजे मूळचा हा कष्टकऱ्याचा कपडा आहे, बरं का. कॉलेजची फॅशन तो फार नंतर झाला.

या तिघींची गाठ पडली, कारण कपडा तयार मिळू लागला. आधी शिवून ढीग घालायचा आणि गिऱ्हाईक येईल तसं त्याच्या नावाचं, संघाचं, कॉलेजचं चित्र छापून द्यायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांनी फिरत्या पाटांचं यंत्र केलं, त्यावर शिवलेला कपडा चढवून एकामागून एक रंग छापता येऊ लागले. इथे आपला जुना क्रम पुरता उलटा झाला. शिंपी आधी आला आणि रंगारी शेवटी गेला. शेवटी आल्यामुळे शिवणी, खिसे, काठ, चेन हे सगळे अडथळे त्याच्या वाट्याला आले.

चेनवर नेमकं काय होतं, ते सांगतो. हुडी पाटावर चढवली की चेन आणि तिच्या दोन्ही कडांच्या दुमडी मिळून मधोमध एक उंचवटा होतो. जाळी त्या उंचवट्यावर टेकते आणि लगतचं कापड जाळीपासून सुटतं. तिथं रंग पोचत नाही, म्हणून ही पट्टी. स्क्वीजी आडवी ओढली तर ती चेनवर उडी मारते, आणि उडीच्या पलीकडे रंग साचतो. तो हा गोळा. रंग दातांत गेला तर चेन सरकत नाही. दात धातूचे असतील तर जाळी फाटते. प्लास्टिसॉल रंग पक्का व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. ती देताना हात चुकला तर नायलॉनची चेन वाकडी होते.

कारागिरांनी यावर उपाय काढले नाहीत असं नाही. पाटाच्या मधोमध खाच पाडून चेन तिच्यात बसवतात, किंवा चेनच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा घालून उंची सारखी करतात. चेनवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे दात तरी वाचतात. स्क्वीजी आडवी न ओढता चेनच्या लांबीनं ओढतात. याचा फायदा होतो. पण होजिअरीचं कापड ताणलं जातं. पाटावर जुळलेली रेघ अंगात घातल्यावर जुळेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आणि इथं आपली लिपी आडवी येते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. दोन अक्षरांच्या मध्ये चेन गेली तर डोळ्याला खुपत नाही. आपल्या शब्दाला शिरोरेघ असते. एक बाजू दोन मिलिमीटर खाली गेली तरी रेघेला पायरी पडते, आणि ती लांबून दिसते. परदेशी सवयीनं केलेली मांडणी जशीच्या तशी देवनागरीत आणली की छापणारा फसतो.

ही हुडी ज्या कारखान्यातून आली, तो आपल्याच शहरातला, दोन टेबलांचा. अशी बरीच दुकानं लग्नपत्रिकांवर उभी राहिली होती. आता टीशर्ट आणि हुड्या छापतात. काम कॉलेजच्या एका बॅचचं होतं. कोरा माल बाहेरून शिवून आलेला, डिझाइन मुलांनी मोबाइलवर पाठवलेलं. चेनच्या मध्यावरून शब्द जाणार, हे छापणाऱ्यानं सांगितलं होतं. "चालते हो काका, करा तुम्ही," असं उत्तर आलं. माल बघितल्यावर मात्र काही हुड्या परत आल्या, आणि त्यांचे पैसे मजुरीतून कापले गेले. कोऱ्या हुडीची किंमत छपाईच्या मजुरीच्या कितीतरी पट असते. एक हुडी बिघडली की अनेक हुड्यांची मजुरी गेली. शिवणाऱ्याचे पैसे आधीच मिळालेले, विकणाऱ्याचेही. जो शेवटी, त्याच्यावर सगळ्यांचा तोटा. क्रम उलटला म्हणजे काय झालं, ते इथं कळतं.

हे वर्ध्यात घडावं, याचं मला जास्त वाटतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाड-मध्यप्रांताकडे वळली. हिंगणघाटचा कापूस त्यांच्या बाजारात नावानं ओळखला जायचा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि गाठी भराभर मुंबईकडे जाऊ लागल्या. कापूस इथून जायचा, कापड होऊन परत यायचं. त्याच प्रश्नावर याच गावात काम झालं. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथं सुरू झाला, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून सांगत होते की वस्तू घेणाऱ्यानं ती कशी आणि कुणाच्या हातून तयार झाली हे पाहावं, ती जबाबदारी त्याचीही आहे. हुडीचा शोध त्यांच्या कामाचा भाग नव्हता, पण प्रश्न तोच आहे.

मग करायचं काय? एक उपाय जुना आहे : क्रम परत सरळ करा. कापलेले पल्ले आधी सपाट छापा, मग चेन लावून शिवा. जुळवणं पुन्हा शिंप्याच्या हातात जाईल, जिथं ते जमतं. त्यासाठी छापणारा आणि शिवणारा एका गावात हवेत, आणि गिऱ्हाइकानं आठ दिवस जास्त थांबायला हवं. मगन संग्रहालय समिती नैसर्गिक रंगांची खादी करते, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी खादी वापरतात. म्हणजे कापडाची पूर्ण साखळी एका जिल्ह्यात ठेवण्याची सवय आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

दुसरा उपाय फुकटचा आहे. चेन लपवू नका, तिच्याशी जुळवून घ्या. आपल्या जिल्ह्यातली नावंच बघा. सेवा आणि ग्राम. हिंगण आणि घाट. पुल आणि गाव. समुद्र आणि पूर. चेन मधून गेली तरी दोन्ही बाजूंना पुरा शब्द राहतो, शिरोरेघ तुटायची तिथंच तुटते. दोन पल्ल्यांत बोटभर जागा आधीच सोडा, छापणाऱ्याचा एकही नग बाद होणार नाही.

राहता राहिलं 'वर्धा'. ते पाठीवर छापा. पाठीला चेन नसते.