यूट्यूब हरवले ते सव्वादोन तास

(सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

शुक्रवार, २२ फेब्रुवारी २००८

पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाचा आदेश निघतो: यूट्यूब बंद करा. कारण म्हणून धर्माचा अवमान करणाऱ्या एका चित्रफितीकडे बोट दाखवलेले आहे. सोबत तीन आयपी पत्ते दिले आहेत आणि तिन्हींची सुरुवात २०८.६५.१५३ अशी आहे. आदेश देशातल्या इंटरनेट कंपन्यांपुरता आहे. सीमेपलीकडच्या कुणाला त्याची झळ बसावी असा त्यात एक शब्दही नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी, दिवसभर

यूट्यूबच्या नेटवर्कचा क्रमांक ३६५६१. हे नेटवर्क जगाला सांगत असते, ‘२०८.६५.१५२.० पासून पुढचे १,०२४ पत्ते माझ्याकडे आहेत.’ ही घोषणा शेजारच्या नेटवर्ककडे जाते, ते आपला क्रमांक पुढे जोडून ती आपल्या शेजाऱ्यांना सांगते, आणि अशी ती जगभर पोचते. या पद्धतीला बीजीपी म्हणतात. इंटरनेटला मध्यवर्ती नकाशा नाही. प्रत्येक राउटर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आपापला तक्ता बनवतो आणि २००८ मध्ये त्या तक्त्यात सुमारे अडीच लाख नोंदी असत. शेजारी खरे बोलतो आहे की नाही, हे तपासायची सक्ती कुठेच नव्हती.

सोमवार, २५ फेब्रुवारी, रात्री १२.१७

कराचीत अजून रविवार संपलेला नाही, कॅलिफोर्नियात सकाळचे पावणेअकरा वाजले आहेत. पाकिस्तान टेलिकॉम, नेटवर्क क्रमांक १७५५७, नवी घोषणा करते: २०८.६५.१५३.० पासूनचे २५६ पत्ते माझ्याकडे आहेत.

हेतू देशातली वाहतूक अडवण्याचा होता. यूट्यूबकडे निघालेली प्रत्येक मागणी आपल्याकडे ओढायची आणि तिथेच टाकून द्यायची, अशी ही युक्ती. असा मार्ग घराबाहेर पडू द्यायचा नसतो. तो पडला आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू ग्लोबलपर्यंत, म्हणजे नेटवर्क ३४९१ पर्यंत पोचला. पाकिस्तान टेलिकॉम त्यांचे ग्राहक. ग्राहकाने सांगितलेले पत्ते खरोखर त्याचेच आहेत का, हे पाहणारी चाळणी तिथे लावलेली असती, तर ही गोष्ट १२.१७ लाच संपली असती. माझ्या मते त्या रात्रीचा मोठा दोष इथेच आहे. चूक कोणाच्याही हातून होते. ती जगभर जाऊ द्यायची की नाही, हे मधल्या मोठ्या नेटवर्कच्या हातात असते.

१२.१९

दोन मिनिटांत खोटा मार्ग जगभर पसरलेला आहे.

यूट्यूबची खरी घोषणा जागेवर आहे, ती कुणी खोडलेली नाही. तरीही राउटर तिच्याकडे पाहत नाहीत, कारण दोन मार्गांतला अधिक नेमका मार्ग निवडायचा, हा त्यांचा पहिला नियम आहे. ‘पुणे’ लिहिलेल्या पाटीपेक्षा ‘सदाशिव पेठ’ लिहिलेल्या पाटीमागे जावे, तसे ते १,०२४ पत्त्यांच्या घोषणेपेक्षा २५६ पत्त्यांच्या घोषणेमागे जातात. कुणी कोणाच्या संगणकात शिरलेले नाही, कोणतीही केबल तुटलेली नाही. त्या २५६ पत्त्यांसाठी निघालेली मागणी पाकिस्तानच्या दिशेने जाते आणि संपते.

१२.१९ ते १.३७

सव्वा तासाहून अधिक वेळ काहीच हलत नाही. यूट्यूबचे सर्व्हर ठणठणीत आहेत. बिघाड आहे तो दुसऱ्यांच्या राउटरमधल्या तक्त्यांत, आणि ते तक्ते आपल्या खोलीतून दिसत नाहीत. अशा वेळी अभियंत्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

ते डोळे त्या रात्री उघडे होते. युरोपातल्या आयपी पत्त्यांची नोंदणी सांभाळणाऱ्या ‘राइप एनसीसी’ या ॲमस्टरडॅमच्या संस्थेने १९९९ मध्ये मार्गांच्या घोषणा टिपणारी सेवा सुरू केली होती. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचा ‘रूट व्ह्यूज’ प्रकल्प तिच्याही आधीचा. दोन्हींचे काम एकाच रीतीने चालते. मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजमध्ये एक संगणक ठेवायचा, त्याला म्हणायचे कलेक्टर. आसपासच्या नेटवर्कनी त्याच्याशी बीजीपीचे सेशन जोडायचे, म्हणजेच पीअरिंग करायचे, आणि आपल्याला ठाऊक असलेले मार्ग त्याला सांगत राहायचे. त्याच्यामधून कुणाची वाहतूक जात नाही. ऐकलेले मार्ग तो दुसऱ्या कुणाला सांगतही नाही. तो फक्त लिहून ठेवतो: किती वाजता, कोणत्या शेजाऱ्याकडून, कोणते पत्ते, आणि वाटेत कोणकोणत्या नेटवर्कचे क्रमांक. ही नोंद जगातल्या कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

त्या रात्रीच्या वाटेच्या शेवटी ‘३४९१ १७५५७’ हे दोन आकडे दिसतात. घोषणा कुठून निघाली आणि कोणी पुढे ढकलली, हे या दोन आकड्यांत आहे. इथे लिहिलेला मिनिटामिनिटाचा हिशेबही अशाच नोंदींतून आला आहे. यूट्यूबच्या किंवा पाकिस्तान टेलिकॉमच्या सांगण्यावर तो उभा नाही. ज्या नेटवर्कनी कोणताही मोबदला न घेता आपला तक्ता कलेक्टरपुढे उघडा ठेवला, त्यांच्यामुळे तो शिल्लक राहिला.

१.३७

यूट्यूबचे पहिले उत्तर: तेच २५६ पत्ते ते स्वतः घोषित करतात. आता खरी आणि खोटी घोषणा सारखीच नेमकी आहे, त्यामुळे राउटर इतर कसोट्या लावतात. त्यातली एक म्हणजे वाटेत कमी नेटवर्क लागणारा मार्ग. जे यूट्यूबच्या जवळ आहेत ते परततात, जे हाँगकाँगच्या बाजूला आहेत ते खोट्या मार्गावरच राहतात.

१.४८

यूट्यूब आणखी बारीक होते. २५६ चे दोन भाग, प्रत्येकी १२८ पत्त्यांचे, वेगवेगळे घोषित होतात. ज्या नियमाने घात केला त्याच नियमाचा हा उपयोग. पण एवढे लहान गट अनेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत, कारण तसे केले तर जगाचा तक्ता फुगत जाईल. म्हणून सुटका होते, पण पुरती नाही.

२.२१

खोट्या घोषणेत १७५५७ हा आकडा आता दोनदा येऊ लागतो. वाट कागदोपत्री एका पावलाने लांब होते आणि आणखी काही राउटर यूट्यूबकडे वळतात.

२.३०च्या सुमारास

पीसीसीडब्ल्यू १७५५७ ने स्वतःचे म्हणून सांगितलेले सगळे मार्ग मागे घेते. खोटा मार्ग मिटतो. पाकिस्तान पुरता तोडला गेला, असे यावरून वाटेल. पण राइपच्या नोंदीत दिसते की पाकिस्तानातल्या इतर नेटवर्कचे मार्ग १७५५७ मधून पुढे जातच होते. असा बारकावा आठवणीतून सांगता येत नाही, त्यासाठी त्या क्षणी कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

त्यानंतर

पत्ते कोणाचे आहेत हे सही करून जाहीर करण्याची व्यवस्था, आरपीकेआय, आता उपलब्ध आहे. यूट्यूबच्या पत्त्यांसाठी अशी नोंद तेव्हा असती आणि मधली नेटवर्क ती तपासत असती, तर १२.१७ ची घोषणा अडली असती. पण ही तपासणी घोषणेचा उगम पाहते. उगमाचा क्रमांक बरोबर ठेवून वाट खोटी सांगितली, तर ते तिला कळत नाही. ती वाट पाहायला अजूनही कलेक्टरच लागतो.

आणि कलेक्टरला दिसते ते फक्त त्याच्या शेजाऱ्यांना दिसते तेवढे. त्याच्याशी पीअरिंग करणारी नेटवर्क युरोप आणि उत्तर अमेरिकेत दाटीने आहेत, आपल्या भागात विरळ. पाकिस्तान टेलिकॉमची चूक जगभर गेली म्हणून सगळ्यांना दिसली. तीच चूक दक्षिण आशियातल्या चार-सहा नेटवर्कमध्ये घुटमळली असती, तर कदाचित तिची नोंदच झाली नसती आणि ज्यांची वाहतूक वळली त्यांनी आपल्याच मोडेमला दोष दिला असता.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्क ५५४१० मधून दुसऱ्यांच्या पत्त्यांचे ३० हजारांहून अधिक गट घोषित झाले. काही मिनिटांचाच तो प्रकार, पण जगभरची वाहतूक भारताकडे लोटली. बाहेरच्या कलेक्टरनी तो टिपला.

मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल लागतात, एक्स्चेंज आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक मध्यम ब्रॉडबँड कंपन्यांकडे आज स्वतःचा नेटवर्क क्रमांक आहे. त्यांच्या अभियंत्यांना माझे सांगणे आहे की कलेक्टरशी सेशन जोडा. राउटरमध्ये काही ओळी लिहायच्या असतात, वाहतुकीवर भार पडत नाही. मात्र फक्त आपल्या ग्राहकांचे मार्ग पाठवून थांबू नका, पूर्ण तक्ता पाठवा. तुमच्या जागेवरून जग कसे दिसते, हे त्या पूर्ण तक्त्यातच असते.