माहिती ‘गोळा केली’ की ‘वेचली’?

संशोधनाच्या आराखड्यात आपण सरसकट लिहून टाकतो, ‘माहिती गोळा केली.’ पण हे क्रियापद दर वेळी बसतं का, ते बघा. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं एकेक करून उचलतात, त्याला सरवा वेचणं म्हणतात. दुसऱ्यानं नोंदवलेल्यातून आपल्या कामाचं तेवढं उचलायचं असेल, तर ‘वेचणे’ हेच क्रियापद घ्या.

एडमंड हॅलीचं उदाहरण पाहू. वाक्य असं होईल: ‘हॅलीने जुन्या नोंदींतून धूमकेतूंची स्थाने वेचली.’ १५३१ची निरीक्षणं आपियानची, १६०७ची केप्लरची. १६८२चा धूमकेतू मात्र हॅलीनं स्वतः पाहिला, म्हणून तिथे ‘वेचली’ चालणार नाही. ‘निरीक्षणे नोंदवली’ असंच लिहावं लागेल.

१७०५ मध्ये त्यानं २४ धूमकेतूंच्या कक्षा प्रसिद्ध केल्या. वरच्या तिघांच्या कक्षा जवळजवळ सारख्या निघाल्या. म्हणजे धूमकेतू एकच, आणि तो १७५८च्या सुमारास परत येणार! हॅली १७४२ मध्ये वारला. २५ डिसेंबर १७५८च्या रात्री तो धूमकेतू ड्रेस्डेनजवळच्या पालिट्श नावाच्या शेतकऱ्याला दिसला.

आपियानला या फेऱ्याची कल्पनाही नव्हती. तरी त्यानं स्थानं नीट लिहून ठेवली, म्हणून हॅलीला ती वेचता आली. तेव्हा ‘वेचली’ असं लिहिलंत की पुढचा प्रश्न येणारच: कुणाच्या शेतातून? त्याचं उत्तर त्याच वाक्यात द्या.