तेल, रोलर आणि बाळू पालवणकर

टीम आउटिंगला बोलिंग अ‍ॅलीत गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भाड्याचे ते विचित्र रंगांचे बूट घालायचे, पहिले दोन चेंडू कडेच्या नाल्यात घालवायचे आणि मग दोष चेंडूला द्यायचा. "हा जड आहे रे, दुसरा बघ." पण मंडळी, खरी गोम चेंडूत कमी आणि खालच्या जमिनीत जास्त असते. त्या लेनवर तेल असतं! दिसत नाही, कोणी सांगतही नाही, पण असतं.

फाउल लाईनपासून पहिल्या पिनपर्यंत अंतर ६० फूट. रुंदी जेमतेम साडेतीन फूट, आणि त्यात ३९ फळ्या (हल्ली बहुतेक ठिकाणी फळ्या नुसत्या रंगवलेल्या असतात, खाली सिंथेटिक पृष्ठभाग). यातल्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर मशीनने तेलाचा पातळ थर देतात. मध्यभागी जास्त, कडेला कमी. पुढचे वीसेक फूट कोरडे. मूळ हेतू अगदी साधा होता, लाकूड खराब होऊ नये. पण परिणाम असा झाला की तेलाचा थर हाच खेळाचा अर्धा भाग होऊन बसला. तेलावर चेंडू नुसता घसरतो. तुम्ही मनगटाने कितीही फिरकी दिलेली असो, ती जमिनीला 'लागत' नाही. कोरड्या भागात आला की पकड मिळते आणि मग तो वळतो. दोन्हीकडच्या घर्षणात पाचेक पटीचा फरक असतो. तेल जास्त लांब असेल तर वळायला जागाच उरत नाही, कमी असेल तर चेंडू लवकर वळून भलतीकडे जातो. वर आणखी एक भानगड म्हणजे प्रत्येक चेंडू थोडं तेल स्वतःबरोबर ओढून नेतो, त्यामुळे तासाभरापूर्वीची लेन आता तीच राहिलेली नसते. प्रॉडक्शन सर्व्हरसारखंच म्हणा ना.

अमेरिकेत यावरून चांगलंच रण माजलं. चेंडू आधी लिग्नम व्हिटी नावाच्या टणक लाकडाचे असत, मग रबराचे आले, मग प्लॅस्टिकचे. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिकचा चेंडू रसायनात भिजवून मऊ केला. मऊ पृष्ठभागाला लेनवर पकड जास्त! गड्याने त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या. मग काय, चेंडू किमान किती कडक असावा याचे नियम आले. पुढे १९८० च्या दशकात युरेथेन आलं आणि १९९० च्या दशकात रेझिनचे चेंडू. चेंडूवाल्यांनी पकड वाढवायची, लेनवाल्यांनी तेल बदलायचं, हे अजून चालूच आहे.

पण हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे बोलिंग म्हणजे क्रिकेट, आणि आपल्याकडेही हाच खेळ सव्वाशे वर्षांपूर्वी रंगला होता. फक्त तेलाच्या जागी रोलर होता.

बाळू पालवणकर हे नाव आपल्या पिढीत किती जणांनी ऐकलंय कोण जाणे. जन्म १८७६, धारवाडचा. कुटुंब मूळ कोकणातल्या पालवणचं, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पोरगेला असताना बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. नंतर ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम तेच, शिवाय नेट लावायची, पट्ट्या आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

आता जरा विचार करा. ज्याने सकाळी पट्टीवर रोलर ओढलाय, पाणी मारलंय, कुठे माती बसली आणि कुठे भुसभुशीत राहिली हे ज्याच्या तळपायाला माहीत आहे, तोच दुपारी त्या पट्टीवर चेंडू टाकतोय. डावखुरा, संथ गतीचा फिरकी बोलर. असं शिक्षण कुठल्या अकादमीत मिळणार? कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला गोरा बॅट्समन. तो म्हणे इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा, फक्त बाळूंचे चेंडू खेळायला. एकदा आउट केलं की आठ आणे बक्षीस, अशी दंतकथाही आहे. बॅटिंग मात्र बाळूंना तिथे कधीच मिळाली नाही. चेंडू टाकायचे ते नोकराने, फटके मारायचे ते साहेबाने, असा हिशेब.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि गोऱ्यांचा सर्वात चांगला बोलर तर त्यांचाच नोकर. बरीच चर्चा झाली, शेवटी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत पीत आणि बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचं. जेवणाचं ताट आणि टेबल वेगळं. अकरा जणांच्या संघात दहा अधिक एक. हे वाचताना मला दरवेळी प्रश्न पडतो की पुढच्या ओव्हरला तोच चेंडू हातात घेताना त्या दहांना नेमकं काय वाटत असेल?

आता साताऱ्याचा किस्सा, ज्याच्यासाठी खरंतर मी हा लेख लिहायला घेतला. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याला गेला. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला बाळूंची कीर्ती कळलेली होती. त्यांनी मैदानावरच्या माणसाला हुकूम दिला: आठवडाभर पट्टीवर रोलर फिरव. हे म्हणजे लेनवर काठोकाठ तेल ओतण्यासारखंच! रोलर फिरला की माती दाबली जाते, आतली हवा आणि सैलपणा निघून जातो, वरचा भाग टणक आणि गुळगुळीत होतो. फिरणारा चेंडू जमिनीला टेकतो तो क्षणाचा काही भाग. तेवढ्यात त्याला माती पकडता आली नाही तर तो सरळ निघून जातो. साहेबांचं गणित बरोबर होतं. पण समोर कोण आहे हे ते विसरले. टणक पट्टी काय असते हे रोलर ओढणाऱ्याला कोण शिकवणार? बाळूंकडे फक्त वळण नव्हतं. चेंडूला उंची देणं, वेग कमीजास्त करणं, टप्पा बदलणं हे सगळं होतं, आणि त्याला जमिनीची मदत लागत नाही. त्यांनी सात विकेट काढल्या, पुणेकर आरामात जिंकले. पुढे पुण्याच्या समारंभात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा सत्कार केला. खेळायला चालतो तर एकत्र चहाला का चालत नाही, हा प्रश्नही त्यातून उघडपणे पुढे आला.

नंतर बाळू मुंबईत आले, हिंदू जिमखान्यातर्फे खेळले, आणि नोकरी केली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत. ही आमच्या रोजच्या ओळखीची. आज आम्ही काशीमीऱ्याहून रिक्षा पकडून मीरा रोड स्टेशन गाठतो आणि चर्चगेट लोकलला लटकतो ती लाईन तिचीच. १९५१ साली तिची पश्चिम रेल्वे झाली.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. युरोपियन दुसऱ्या डावात १०२ मध्ये गारद. संघात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. निकाल बघायला गेलं तर दौरा फसलाच, बहुतेक सामने हरले. पण बाळूंनी ११४ विकेट घेतल्या! परकी माती, परकं हवामान, वय पस्तिशीचं आणि खांदा दुखावलेला. सगळ्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. पंधरा! आजचा कुठलाही फिरकी बोलर हा आकडा बघून गप्प बसेल.

खेळपट्टी 'बनवून' घेण्याचा सोस मात्र साताऱ्यानंतरही गेला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ गहुंज्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट होती. पट्टी पहिल्याच दिवसापासून फुटलेली, आपल्या फिरकीसाठी मेजवानी. झालं काय? स्टीव्ह ओकीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकी बोलरने ७० धावांत १२ विकेट काढल्या, आपण १०५ आणि १०७ मध्ये आउट, ३३३ धावांनी पराभव. वर आयसीसीने पट्टीला 'खराब' असा शेरा मारला तो वेगळाच. तेल घालणाऱ्याचाच पाय घसरला म्हणायचा.

बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. १९२० साली याच प्रश्नावर वाद पेटला. बाळूंना संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठी भावांचाही विचार झाला नाही, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. मग त्यांना परत बोलावलं आणि बाळूंना उपकर्णधार केलं. कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असताना थोडा वेळ फील्ड लावायचं काम बाळूंकडे आलं, तेवढंच. १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. तेव्हा बाळू ४७ वर्षांचे होते.