कोळसा कोणी पाडला?

आमच्या घरी कोळसा कधी विकत आणला नाही. आजी घरीच करायची. चुलीतलं लाकूड लालभडक झालं की ओढून मडक्यात टाकायचं, वर झाकण, झाकणाच्या कडेला ओली माती. नारळाच्या करवंट्या परसातल्या खड्ड्यात पेटवायच्या आणि धूर पातळ झाला की पत्रा टाकून लिंपून घ्यायचं. भाताचं तूस अर्धवट जाळून दात घासायची राखुंडी. आजी म्हणायची, "वारा मिळाला तर राख, नाय मिळाला तर कोळसा." शास्त्र एवढंच आहे. हवा कोंडली की लाकडातलं पाणी नि धूर निघून जातो, कार्बन मागे राहतो.

ही विद्या आजीला दिली डोंगरातल्या एका कातकरणीनं. आणि त्याच कातकरणीला आजी पाणी द्यायची ते ओंजळीत, वरून ओतून. आमचा महारवाडा. गावानं आम्हाला जे केलं तेच आम्ही तिला केलं. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

आता इतिहास बघा. कातकरी या नावातच कात आहे. खैराचं लाकूड फोडून, उकळून कात काढायचा हा त्यांचा धंदा. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे केले. रान सरकारचं झालं, खैराला कोयता लावणं गुन्हा ठरला. ज्यांची भट्टी काताची होती ते ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेले. पावसाळ्यात खायला नसतं तेव्हा उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट रानात जाऊन ती फेडायची. लाकडं रचायची, त्यावर पाला, त्यावर माती, आणि रात्रंदिवस जागता पहारा. कुठं भोक पडलं तर आत हवा शिरते, सगळ्याची राख होते. शंभर किलो लाकडाचा जेमतेम वीस-पंचवीस किलो कोळसा. तो गेला मुंबईच्या शेगड्यांत नि इस्त्र्यांत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर चालल्या. ज्यानं कोळसा पाडला त्याची उचल मात्र फिटली नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्याले. हे आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय वन अधिनियम आला, हे किती जणांना माहीत आहे? राखीव जंगलात कोळसा पाडणं त्यानं गुन्हा केलं. शिवाय कोळसा जंगलातला असो की नसो, तो वनोपजच, असं त्यात लिहिलंय. म्हणजे परसातल्या लाकडाच्या कोळशावरही सरकारची नजर. पाण्यावर गावाचा पहारा, आगीवर सरकारचा.

१९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. कागदावर उचल माफ झाली. पण आजही उचल घेऊन भट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत.

२००२ साली पुण्याच्या एका संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल लंडनमध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. बंद डब्यात पाचट भाजायचं, भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. काम चांगलंच आहे, शेतात जाळून टाकायचा कचरा चुलीला आला. पण आग कोंडायची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हात भाजून सांभाळली, त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? ते कोण लिहिणार?

मित्रांनो, आपणच. पण त्याआधी आपल्या घरातली ती वरून ओतलेली धार आठवा. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी लागतो. पुढच्या वेळी कातकरवाडीवर जाल तेव्हा भाषण नंतर करा. आधी त्यांच्या मडक्यातलं पाणी प्या. मग वही काढा आणि विचारा, भट्टी कशी लावता, आणि उचल किती राहिलीय.