गाडीचं पोट आणि बोरघाट

मागच्या शनिवारी कुंभिवलीला मित्राकडे गेलो होतो. खालापूर तालुक्यातलं गाव. गावात शिरताना एका खड्ड्यात गाडीचं पोट घासलं आणि इंजिनाखालचं काळं प्लास्टिकचं कव्हर लोंबायला लागलं. जवळच्या मेकॅनिकने खाली डोकं घातलं, उरलेल्या क्लिपा काढल्या आणि कव्हर माझ्या हातात ठेवलं.

"साहेब, हे परत बसवूच नका. नुसता चिखल अडवतं. काढलं की इंजिनाला खालून हवा लागेल, घाटात गाडी गार राहील."

ऐकायला एकदम पटण्यासारखं. लहानपणी बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. तिचं पोट उघडंच असायचं. तरीही घाटात ती तापायचीच. बोनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले बाबा हा आमच्या प्रत्येक पुणे ट्रिपचा ठरलेला सीन! मग पोट उघडं ठेवल्याने गार राहतं म्हणावं, तर ती का तापायची? आणि झाकल्याने तापतं म्हणावं, तर कंपन्या कव्हरवर खर्च का करतात?

मंडळी, ह्या प्रश्नाचा इतिहास भलताच रंगतदार आहे.

आधी थोडं शास्त्र. साध्या गाडीच्या खाली सायलेन्सर, इंजिनाचा संप, सस्पेन्शन अशी सगळी खडबड असते. हवा तिथे अडखळते आणि गाडीला मागे ओढते. तळ गुळगुळीत केला की हवा सरळ पुढे सरकते. तळाला नीट आकार दिला तर ती खालून जास्त वेगाने पळते, तिथला दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. पण रेडिएटरमधून आत शिरलेली हवा इंजिनाला वळसा घालून बहुतेक गाड्यांत खालूनच बाहेर पडते. खालचं दार बंद केलं तर तिने जायचं कुठून? भांडणाचं मूळ हे.

हे भांडण सगळ्यात जोरात पेटलं ते 1970च्या दशकात, फॉर्म्युला वनमध्ये. 1977 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस टीमने लोटस 78 आणली. तिच्या दोन्ही बाजूंच्या पॉडचा आतला आकार विमानाच्या उलट्या पंखासारखा होता. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबायचा. रेडिएटर त्याच पॉडमध्ये बसवले आणि गरम हवा वरच्या बाजूने बाहेर काढली, म्हणजे खालचा प्रवाह बिघडायला नको. पुढच्या वर्षी लोटस 79 घेऊन मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला.

बाकीच्या टीम नक्कल करायला धावल्या. ब्रॅबहॅमचा डिझायनर गॉर्डन मरे मात्र अडकला. त्याच्याकडे अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं आडवं, रुंद इंजिन होतं. उलटा पंख जिथे बसायचा, नेमकी तीच जागा इंजिनाने खाल्लेली. त्यात कूलिंगची वेगळीच डोकेदुखी. ब्रॅबहॅम बीटी46 मध्ये मरेने आधी नेहमीचे रेडिएटर काढून बॉडीवरच उष्णता सोडणारे सपाट पॅनेल लावले होते. कागदावर सुंदर कल्पना, पण इंजिन गार होईना. शेवटी गुपचूप रेडिएटर परत आले.

मग मरेने दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं. रेडिएटर इंजिनाच्या वर आडवा ठेवला, इंजिनाचा भाग खालून आणि बाजूंनी सील केला आणि मागे एक मोठा पंखा लावला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढणार, आणि जाता जाता गाडीखालचीही हवा उपसणार. हलणारी एरोडायनॅमिक वस्तू नियमाने बंद होती. टीमचं म्हणणं, "छे हो, हा तर कूलिंगचा पंखा!" आणि इंजिन त्याने खरोखरच गार होत होतं. पण उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अख्खी गाडी खाली बसायची, ते कसं लपवणार?

17 जून 1978, स्वीडनमधलं आंदरस्टॉर्प. निकी लाउडाने ती रेस अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली. गदारोळ झाला. निकाल कायम राहिला, पण ती गाडी पुन्हा कधीच रेसमध्ये उतरली नाही. 1983 पासून तर फॉर्म्युला वनमध्ये सपाट तळाचीच सक्ती झाली.

मरेच्या डोक्यातून पंखा काही गेला नाही. 1992च्या मॅकलॅरेन एफ1 ह्या रस्त्यावरच्या गाडीत त्याने तळाशी दोन छोटे पंखे ठेवले. तिच्या इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख आहे. श्रीमंतीचा तोरा म्हणून नव्हे, तर सोनं उष्णता उत्तम परावर्तित करतं म्हणून. 2020 साली त्याने टी.50 दाखवली, तिच्या मागे 400 मिलिमीटरचा पंखा. म्हणजे 42 वर्षं एका कल्पनेचा पाठपुरावा. आपण तीन महिन्यांत प्रोजेक्ट बदलून मागतो :-)

आता परत बोरघाटात येऊ. स्पोर्ट्स कारचं दुखणं इथे उलटं दिसतं. खालापूरपर्यंत सपाट एक्स्प्रेसवे आहे, वेग भरपूर, रेडिएटरला हवा फुकट. त्यानंतर चढ लागतो. इंजिनावर जास्तीत जास्त भार आणि वेग कमी. थोडं गणित करू. माणसांसकट 1300 किलोची गाडी साधारण 550 मीटर वर चढवायला सुमारे दोन युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिनाचा जुना ढोबळ हिशोब असा, की एक तृतीयांश कामाला, एक तृतीयांश सायलेन्सरला, एक तृतीयांश रेडिएटरला. म्हणजे नुसत्या चढापायी रेडिएटरच्या वाट्याला आणखी दोन युनिट उष्णता. एवढ्यात 30 अंशांचं सुमारे 24 लिटर पाणी उकळायला येईल! बाबांची बाटली कुठे पुरणार?

आणि मेकॅनिकचं काय? तो अर्धा बरोबर होता. कव्हर काढलं की संपाला खालून वारा लागतो, हे खरं. पण रेडिएटर गार ठेवते ती त्याच्या आरपार जाणारी हवा. ती जाते पुढे दाब जास्त आणि मागे कमी असतो म्हणून. वेगात खालून हवा इंजिनाच्या खोलीत घुसली तर मागचा दाब वाढतो आणि आरपार जाणारी हवाच घटते. घाटात ट्रॅफिक तुंबलं तर इंजिनाची गरम हवा खालून वळून पुन्हा रेडिएटरच्या तोंडाशी येऊ शकते. फरक किती पडेल ते गाडीगणिक वेगळं. पण जी गाडी कव्हर धरूनच आखली आहे, तिचं कव्हर काढणं म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधली एक ओळ "काही करत नाही" म्हणून उडवणं. हे पाप मी ऑफिसात केलेलं आहे.

पद्मिनीचा हिशोब वेगळा होता. ती उघड्या पोटाचीच आखलेली. मेकॅनिकचं ज्ञान तिच्या काळासाठी चुकीचं नव्हतं. गाडी बदलली, नियम तोच राहिला.

त्याला एवढं सगळं सांगितलं नाही. "बसवून द्या" एवढंच म्हटलं. त्याने हसत नव्या क्लिपा लावल्या. जुन्या रस्त्याने घाट चढलो, शिंग्रोबाला नाणं टाकलं. टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलला नाही.

अर्थात त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच मध्यावर ठेवलेला असतो, आपण घाबरू नये म्हणून. बाबांचा काटा निदान खरं बोलायचा.

असो.