राउटरमधलं 'मॅक क्लोन' बटण आलं कुठून?

आज एका बटणाचा इतिहास.

घरच्या वायफायवर असाल तर फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून बघा. राउटरचं पान उघडलं की इंटरनेटच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' असा एक पर्याय बऱ्याच राउटरमध्ये सापडतो. आज त्याला कोणी हात लावत नाही. पण २००० च्या आसपास अमेरिकेत केबल इंटरनेटला राउटर जोडायचा, तर पुष्कळ घरांत हे बटण दाबल्याशिवाय इंटरनेट सुरूच व्हायचं नाही.

कारण सांगतो. टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट द्यायचं 'डॉक्सिस' नावाचं स्टँडर्ड १९९७ मध्ये आलं. घरात मॉडेम आला. पण मॉडेम म्हणजे राउटर नव्हे! तो केबलवरचा सिग्नल नेटवर्कच्या वायरवर आणतो, बस्स. त्याच्या मागे एकच कॉम्प्युटर असणार, असं कंपनीने गृहीत धरलेलं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो, तो मॅक ॲड्रेस. काही कंपन्या तुमच्या कॉम्प्युटरचा हा नंबर नोंदवून ठेवायच्या, आणि मॉडेम स्वतःही सुरू झाल्यावर जो पहिला दिसेल त्यालाच ओळखायचा. (राउटर बदलल्यावर 'मॉडेम बंद करून चालू करा' सांगतात ना, ते यामुळेच. ती आठवण पुसायची असते.) घरात दुसरा कॉम्प्युटर आला? मग दुसरा आयपी पत्ता घ्या आणि दर महिन्याला वरचे काही डॉलर मोजा.

आता इंजिनिअर म्हणून मला हे पटत नाही. नळाचं बिल भरल्यावर घरात बादल्या किती, हे कोणी विचारतं का? पण कंपनीचंही एक म्हणणं होतं. केबलमध्ये अख्खी गल्ली एकाच वायरवर असते, आणि एका घराने जास्त ओढलं की शेजाऱ्याचं इंटरनेट हळू होतं.

यावरचा उपाय भलत्याच कारणासाठी आधीच तयार होता. इंटरनेटचे जुने पत्ते सगळे मिळून साधारण ४३० कोटी. ते संपणार, ही भीती नव्वदीच्या सुरुवातीलाच होती. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन', म्हणजे नॅट, कागदावर मांडलं. आतले पत्ते खासगी, बाहेर दिसणारे वेगळे. तेच आतले पत्ते दुसऱ्या ऑफिसातही वापरता येतात. कायमचा उपाय नवीन, लांब पत्त्यांचा; तो येईपर्यंतची ही तात्पुरती सोय, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी आहेत हे फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजात पक्कं झालं. तुमच्या आणि माझ्या फोनला घरी सारखाच पत्ता असू शकतो, तो या दोन कागदांमुळे.

पुढे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक मशीन बसवायची युक्ती रुळली. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसलाय असं समजा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो सोसायटीचा एकच पत्ता आणि एक टोकन नंबर टाकतो, वहीत लिहून ठेवतो, आणि उत्तर आलं की वही बघून योग्य फ्लॅटला पोचवतो. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये ही सोय होती, त्यामुळे हौशी लोक जुन्या पीसीला दोन नेटवर्क कार्डं लावून घरीच हे करायचे. मग लिंक्सिस या कंपनीने तेच काम एका छोट्या निळ्या-काळ्या डब्यात घातलं. १९८८ मध्ये व्हिक्टर आणि जेनी त्साओ या जोडप्याने कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमधून ती सुरू केली होती. डब्याचं नाव बीईएफएसआर४१. (हे बारसं कोणी केलं देव जाणे.) त्यात मॅक क्लोन होतं: राउटर कंपनीला तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचाच नंबर सांगायचा. कंपनीला वाटायचं, तोच पीसी आहे. आत चार जण बसलेले.

मग आत किती मशीन आहेत हे मोजायची खटपट झाली, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. २००२ मध्ये एटी अँड टी लॅब्सच्या स्टीव्हन बेलोविनने दाखवलं की वॉचमन एक गोष्ट बदलायला विसरतो. प्रत्येक पॅकेटवर एक ओळख-क्रमांक असतो, आणि बऱ्याच सिस्टिम तो दर पॅकेटला एकेकाने वाढवत नेतात. एकाच पत्त्यावरून येणारे हे आकडे वेळेनुसार आलेखावर मांडले, की ठिपक्यांच्या वेगवेगळ्या तिरक्या रेघा दिसतात. जितक्या रेघा, साधारण तितके कॉम्प्युटर! मात्र ओपनबीएसडीसारखी सिस्टिम हा क्रमांक रँडम टाकायची, तिथे रेघच बनत नाही.

२००३ मध्ये तर गोष्ट कायद्यापर्यंत गेली. मिशिगनसह काही राज्यांच्या कायद्यांत आणि मसुद्यांत, संदेश कुठून निघाला हे सेवा देणाऱ्यापासून लपवणारं साधन बाळगणं गुन्ह्यात येईल अशी भाषा होती. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी लगेच लक्षात आणून दिलं की शब्दशः वाचलं तर घरचा राउटरही यात सापडतो. त्याच वर्षी सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे बाजाराने आपला निकाल देऊन टाकला होता. पुढे केबल कंपन्याच राउटर भाड्याने देऊ लागल्या.

आपल्याकडे हेच नाटक केबलवाल्या दादांनी केलं. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली लॅनची वायर, जिन्यातल्या पेटीत स्विच, आणि मॅक नंबर त्यांच्याकडे बांधलेला. मी शाळेत असताना आमच्या बिल्डिंगमध्ये लॅपटॉप आणला की आधी त्यांना फोन लावावा लागायचा.

आणि आता पारडं फिरलंय. जुने पत्ते वाटणाऱ्या मुख्य संस्थेकडचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला गेले. एप्रिल २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या नॅटसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता यातला दिसला, तर तुमचा वॉचमन कंपनीच्या मोठ्या वॉचमनमागे उभा आहे. त्या जुन्या पत्त्यावर बाहेरून कोणी थेट तुमच्या घरापर्यंत पोचू शकत नाही. घरी गेमचा सर्व्हर चालवायचा, स्वतःची वेबसाइट जुन्या लॅपटॉपवर ठेवायची, तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, उपयोग शून्य. कस्टमर केअर सांगतं, वेगळा पत्ता हवा असेल तर दर महिन्याला जादा पैसे भरा.

नवीन लांब पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, हा यातला सरळ रस्ता आहे. राउटरच्या त्याच पानावर आयपीव्ही६ बंद असेल, तर आधी ते चालू करून बघा.